चौसष्टची डिलाइट आणि भंगारातली पद्मिनी

फियाटवाल्यांचा एक वाद कधीच मिटत नाही: गाडी कोणत्या सालची चांगली? रविवारी सकाळी जुन्या फियाट मैदानात लागल्या, बोनेट वर झाली, चहा आला, की कुणीतरी ठासून सांगतंच, "चौसष्ट ते बहात्तर. त्यानंतर नुसता पत्रा." त्याआधीच्या गोलमटोल डुक्कर फियाटच्या मालकाला तेही मान्य नसतं, त्याच्या लेखी चौसष्टची डिलाइट म्हणजे कालची पोर. शहाऐंशीची पद्मिनी, म्हणजे याच फियाटची पुढची आवृत्ती, घेऊन आलेला एखादा तरुण मागच्या रांगेत गाडी लावून काच पुसत उभा असतो. त्याला कुणी साल विचारत नाही.

मला हा वाद ऐकायला आवडतो. पण तो निव्वळ टाइमपास आहे असं मी मानत नाही. कोणतं साल श्रेष्ठ यावर कुठली गाडी जपली जाणार आणि कुठली कापली जाणार हे ठरतं, आणि गेल्या काही वर्षांत कायद्यानेही नकळत याच वादात एक बाजू घेतली आहे. माझा आक्षेप त्याला आहे.

नवख्यांसाठी आधी थोडी वंशावळ. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्यात कारखाना उभारला आणि सुरुवातीला क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या फियाट कंपनीशी सूत जुळलं. फियाटने १९५३मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेली ११००-१०३ लवकरच कुर्ल्यात तयार होऊ लागली. गोल पाठ, फुगीर नाक, आणि पुढची दारं मधल्या खांबाला बिजागरी असल्याने उलटी उघडणारी. हीच आपली डुक्कर फियाट. मग एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट झाल्या. १९६४मध्ये ११०० डी आली, तिला इथे डिलाइट नाव पडलं: चेहरा चौकोनी, मागे बारीकसे पंख. १९७२मध्ये बोनेटवरून फियाट हे नाव गेलं आणि तीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली, १९७४मध्ये पद्मिनी. पुढे पंचवीसेक वर्षं पद्मिनीच. लोक मात्र शेवटपर्यंत फियाटच म्हणाले.

डिलाइटवाल्यांची बाजू कच्ची आहे असं नाही. डिलाइटचं दार लावून बघा आणि लगेच नव्वदच्या सुमाराच्या पद्मिनीचं. पहिलं बोटाने ढकललं तरी ठक् करून बसतं. दुसऱ्याला खांदा द्यावा लागतो, आणि बसल्यावरही दाराची फट वर बोटभर, खाली कागदाएवढी. तेच जुने साचे वर्षानुवर्षं वापरले की पत्र्याची कड धारदार राहत नाही. क्रोमचंही तेच. डिलाइटचे बंपर साठ वर्षांनी पुसले तरी चेहरा दिसतो. नंतरच्या कित्येक बंपरांना पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच फोड आलेले लोकांनी पाहिले आहेत. कारागिरी हा एकच निकष असेल तर चौसष्टवाले जिंकले. त्यात मला वाद घालायचा नाही.

शिवाय त्यांच्या हाती हुकमाचा एक्का आहे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना १९६४मध्ये त्यांच्या घरी आलेली फियाट. किंमत १२,००० रुपये, घरात होते ७,०००. उरलेल्या ५,००० रुपयांसाठी शास्त्रीजींनी पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढलं. १९६६मध्ये ते गेले तेव्हा कर्ज फिटलेलं नव्हतं, ते ललिता शास्त्रींनी पेन्शनमधून फेडलं. गाडी आज दिल्लीत शास्त्रीजींच्या स्मारकात आहे. आता मला सांगा, ती गाडी ८२ची असती आणि तिचं दार वाजत असतं, तर स्मारकातून काढली असती का? तिचं मोल कर्जाच्या हप्त्यांत आहे, सालात नाही. हुकमाचा एक्का म्हणून जो टाकला जातो, तो खरं तर माझ्याच बाजूचा पत्ता आहे.

मुळात 'अमुक सालचं मॉडेल' ही अमेरिकेतली पद्धत. जनरल मोटर्सने आल्फ्रेड स्लोन कंपनीचा प्रमुख असताना, १९२०च्या दशकात, दरवर्षी गाडीचा तोंडवळा बदलायचा पायंडा पाडला. गेल्या वर्षीची गाडी जुनी दिसावी हाच त्यामागचा हेतू. म्हणून तिथले शौकीन शेवरलेच्या ५५, ५६ आणि ५७ यांवरून तासन् तास भांडू शकतात. जाळी वेगळी, पंख वेगळे, एका नजरेत साल ओळखता येतं. तिथे साल हे कुणीतरी विचारपूर्वक घडवलेलं असतं. इटलीतही ११०० डी १९६६पर्यंत चालली, तिच्या जागी ११०० आर आली, आणि १९६९मध्ये तीही संपली. कुर्ल्यात तीच बॉडी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली. इंजिनाचंही तसंच. इटलीच्या ११०० डीला १२२१ सीसीचं इंजिन मिळालं. आपल्याकडे १०८९ सीसीवरच भागवलं गेलं, आणि पद्मिनीच्या बोनेटखालीही चाळीसेक अश्वशक्तीचं तेच धडधडत राहिलं.

इथे गाडी बदलली ती डिझायनरच्या टेबलावर नाही. १९५३च्या टॅरिफ कमिशननंतर सरकारचं धोरण पक्कं झालं: नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथे बनवा. जनरल मोटर्सने शिवडीतला कारखाना गुंडाळला, प्रीमियर राहिली. परकीय चलन किती मिळणार, कोणता भाग आयात करता येणार, कोणता इथल्या कारखानदाराकडून घ्यायचा, हे परवान्यांवर ठरलं. १९६९मध्ये सरकारने मोटारींच्या विक्रीच्या किमतीसुद्धा ठरवून दिल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं रांगेत. अशा व्यवस्थेत ७८ची गाडी ७९पेक्षा वेगळी निघाली तर ती कुणी ठरवून वेगळी केलेली नसते. त्या महिन्यात पत्रा कुठला आला, रबर कुणी पुरवलं, एवढाच तो फरक. त्याला 'मॉडेल' म्हणणं म्हणजे टंचाईला फॅशन म्हणणं.

नोंदणीचं साल आणि घडणीचं साल यांचाही मेळ बसेलच असं नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत नोंदली गेली ऑक्टोबर २००३मध्ये. कारखान्यातलं उत्पादन त्याआधीच थांबलं होतं. आरसी बुकावरच्या तारखेला शपथपत्र समजणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

आणि भाग तर सगळ्या सालांचे एकमेकांत मिसळलेले. हीच तर या गाडीची खरी करामत. ६६च्या गाडीत ९६चा भाग बसतो, थोडं घासावं लागलं तर मिस्त्री कानस मारतो आणि बसवतो. चौसष्टची म्हणून ऐटीत उभी असलेली गाडी जरा खाली वाकून बघा. डायनॅमो जाऊन ऑल्टरनेटर आलेला असतो. ब्रेकचे सिलिंडर पुण्याच्या नाना पेठेतले, स्टार्टर कुर्ल्याच्या भंगारातला. तळाचा पत्रा तर हमखास बदललेला, कारण या गाडीला वेगळी चेसी नाही. बॉडी आणि सांगाडा एकच. दाराखालची पट्टी आणि पायाखालचा पत्रा गंजला की गाडीचं हाडच गेलं. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत साठ वर्षं काढलेल्या गाडीला गॅस वेल्डिंगचा पॅच लागला नसेल, तर ती चालवलीच गेलेली नाही. वर लांबी (पुटी) भरून, घासून, रंग मारला की पॅच दिसत नाही इतकंच. 'ओरिजिनल' हा शब्द मग नेमका कशाला लावायचा? चकाकत्या बोनेटला?

या गाडीचा मोठेपणा मी दुसरीकडे शोधतो. स्टिअरिंगखालचा गिअर घ्या. हाताशी दांडा, तिथून खाली गिअरबॉक्सपर्यंत सळ्यांची साखळी, मध्ये सांध्यांत छोटे बुश, म्हणजे कड्या. बुश झिजले की दांडा मध्येच अडकतो, ना पुढे ना मागे. दादरच्या सिग्नलला हे झालं की टॅक्सीवाला शिव्या न देता उतरायचा, बोनेट उचलायचा, स्टिअरिंगच्या नळीच्या पायथ्याशी हात घालून दोन्ही पट्ट्या एका रेषेत आणायचा, बोनेट आदळायचा आणि पुन्हा पहिला टाकायचा. मागचा हॉर्न वाजवेपर्यंत टॅक्सी निघालेली. उन्हाळ्यात खंडाळ्याच्या घाटात पेट्रोल पंप तापून पेट्रोलची वाफ व्हायची, गाडी आचके देत थांबायची. पंपावर ओलं फडकं ठेवून दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. हे दोष होते, त्यांना मी गुण म्हणणार नाही. पण दोष कुणालाही दिसेल असा आणि कुणालाही काढता येईल असा होता, आणि त्यावर हजारो मिस्त्रींचं पोट चाललं. गावोगाव मिळणारे सुटे भाग, कुठल्याही नाक्यावरचं गॅरेज, हे सगळं डिलाइटच्या पहिल्या वर्षांत नव्हतं. ते उभं राहायला वीस वर्षं लागली, आणि ते पूर्ण उभं राहिलं तेव्हा दारं वाजायला लागली होती. म्हणून मला कुणी विचारलं तर मी सत्तरच्या दशकाचा शेवट आणि ऐंशीचं दशक सांगतो. पद्मिनी तेव्हा खऱ्या अर्थाने इथली झाली होती.

हे मत न पटणारे पुष्कळ असतील. हरकत नाही. हरकत आहे ती सालाच्या वेडापायी जे केलं जातं त्याला. चौसष्टच्या गाडीला भाव आहे म्हणून ७८ची पद्मिनी घ्यायची, तिला डिलाइटची जाळी लावायची, जुने दिवे, फियाटचं पदक, दोन रंगांचा पट्टा, आणि रॅलीत उभी करायची. एक बरी गाडी गेली आणि एक खोटी आली. दुसरा प्रकार याहून सर्रास चालतो. डिलाइट दुरुस्त करायची तर भाग हवेत, भाग मिळतात पद्मिनीत, मग चालती पद्मिनी स्वस्तात घेऊन फोडायची. दारं एकाला, काचा दुसऱ्याला, इंजिन तिसऱ्याला, उरलेला सांगाडा किलोवर. मालकाला वाईटही वाटत नाही, कारण 'ती काय, पद्मिनीच होती'. असं वीस-पंचवीस वर्षं चाललं आहे. परिणाम असा की जी गाडी सर्वांत जास्त बनली, तीच मूळ अवस्थेत शोधावी लागते.

आता कायद्याकडे येतो. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज. तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर प्लेट. नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. रोजच्या वापराला आणि धंद्याला मनाई. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. इथवर ठीक. अट पुढे आहे: गाडी मूळ रूपात असली पाहिजे, चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस असाव्यात. वर्षातून दोनदा झाकण काढायचं आणि पुन्हा झाकायचं. फियाटला हा निकष लावला की पेच पडतो. १९७४-७५ची पद्मिनी आता पन्नाशी ओलांडते आहे. तिचा जुना मालक पेट्रोलच्या भावाने हैराण होऊन डिझेल इंजिन बसवून बसला असेल, तर ती बाद. सीएनजी किट असेल तर कुठल्या अधिकाऱ्याला काय वाटेल यावर तिचं भवितव्य. आणि जिने नवा पत्रा, नवा रंग, उसनी जाळी यांखाली सगळा इतिहास पुसून टाकला, ती 'मूळ रूपातली' म्हणून सहज पास होईल, कारण बघणाऱ्याला तेच मूळ वाटतं. शौकिनांच्या वादातला निकष असा सरकारी होऊन बसला.

टॅक्सीची अवस्था तर सगळ्यांत वाईट. नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांवर काळ्यापिवळ्या होत्या, आणि त्यांत पद्मिनीच पद्मिनी. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं. व्हिंटेज व्हायला लागतात पन्नास. मधल्या तीस वर्षांत ती गाडी कुणाची? टॅक्सी म्हणून परवाना संपला, वारसा म्हणून ओळख मिळायला अजून एक पिढी जायची आहे. खाजगी म्हणून ठेवायची तर पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून थेट ५,०००वर गेली होती. वर हरित कर, वर तपासणी. टॅक्सीवर घर चालवलेला माणूस एवढं करून ती दारात का ठेवेल? तो ती भंगारात देतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे राहिली नाही. त्याच्या थोडे दिवस आधी बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकर गेल्या होत्या, त्यामुळे हळहळीचा पूर आला. फोटो निघाले, आठवणी लिहिल्या गेल्या. टॅक्सीचालकांच्या संघटनेने त्याच्या काही वर्षं आधीच सरकारला म्हटलं होतं की एक तरी काळीपिवळी जतन करा. तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. हळहळणाऱ्यांत जुन्या गाड्यांचे पैसेवाले शौकीनही होते. पण त्यांच्या गॅरेजात टॅक्सीला जागा नव्हती. का? साल वाईट, हात हजार लागलेले, किमतीला शून्य.

अशी टॅक्सी जपायची म्हटलं की दोन प्रश्न येतात. पहिला प्रदूषणाचा. जुनं इंजिन धूर सोडतं, हे खरंच आहे, आणि वीस वर्षं रोज बारा-पंधरा तास धावलेल्या टॅक्सी रस्त्यावरून काढल्या हे बरोबरच झालं. मी कुणाला त्या पुन्हा सुरू करायला सांगत नाही. महिन्यातून दोनदा बाहेर काढलेल्या मोजक्या गाड्यांनी शहराची हवा बिघडत नाही. रॅलीतल्या रोल्स रॉइसलाही आपण तेवढी सूट दिलीच आहे. दुसरा प्रश्न जास्त टोकदार आहे: लाखभर एकसारख्या गाड्यांतली एक जपून काय साधणार? साधतं ते हे, की ती एकसारखी नसते. टपाला लावलेला कॅरियर, डाव्या बाजूला बाहेर बसवलेला मीटर आणि त्याची खाली पाडायची दांडी, डिकीत सीएनजीची टाकी आल्यावर गिऱ्हाइकाची ट्रंक टपावर बांधायची दोरी, डॅशबोर्डवर सिद्धिविनायक किंवा माहीमचा दर्गा. २०००च्या आसपास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर टॅक्सी सीएनजीवर गेल्या, ती टाकी म्हणजे शहराच्या हवेवरच्या भांडणाचा पुरावा आहे. शौकीन आधी तीच काढून टाकतो.

म्हणून नियमात बदल हवा, आणि तो अवघड नाही. आरसी बुकात आरटीओच्या शिक्क्यानिशी चढलेला फेरफार, मग तो सीएनजी असो की डिझेल इंजिन, 'मूळ रूपा'चा भाग मानावा. ज्या फेरफाराला सरकारनेच परवानगी दिली, फी घेतली, काही वेळा सक्तीही केली, तो मोडतोड कसा ठरेल? पन्नास वर्षांची अट व्हिंटेजला राहू द्या. पण त्याआधीची, पंचवीस वर्षांपुढची एक पायरी ठेवा, जिथे वर्षाला थोडेच किलोमीटर चालवायच्या अटीवर नूतनीकरणाची फी कमी लागेल. रॅली भरवणाऱ्यांनाही एक करता येईल: पुनर्निर्मितीचं बक्षीस असतं तसं न रंगवलेल्या, न पुसलेल्या गाडीचं बक्षीस ठेवा. परदेशात अशा गाड्यांचे वेगळे वर्ग असतात आणि तिथे रंग उडालेल्या गाडीभोवती गर्दी जमते.

आणि मुंबईला तिची एक टॅक्सी द्या. आणिक इथल्या बस आगारात बेस्टने ट्राम-बसच्या आठवणींचं संग्रहालय राखलं आहे. त्या आवारात एका गाडीपुरती जागा निघेल. निवड करायला शौकिनांची समिती नेमली तर ती पहिल्यांदा चौसष्टची डिलाइट सुचवेल, काळापिवळा रंग मारून. ती घेऊ नये. नव्वदनंतरची घ्यावी, पेट्रोलवरून सीएनजीवर गेलेली, दार वाजणारी, परवान्याची कागदपत्रं शाबूत असलेली, आणि शक्यतो जिचा शेवटचा चालक अजून हयात आहे अशी, म्हणजे गिअर अडकला की काय करायचं ते संग्रहालयातल्या पोरांना तो दाखवू शकेल.